दहा कोयते वजा अर्धा

"दहा कोयत्यांची टोळी आहे. त्यातून अर्धा कोयता गेला. किती उरले?"

"नऊ!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

मी खडू टेबलावर आपटला. तो तुटला आणि अर्धा खाली गडगडत गेला. वर्गातल्या कचरूने तो पटकन उचलून खिशात टाकला, हे मला दिसलं, पण त्या वेळी मला कचरूशी भांडायचं नव्हतं. मला अपूर्णांकांशी भांडायचं होतं.

पूर्णांकातून अपूर्णांक वजा करायला शिकवताना माझा गेला आठवडा वाया गेला होता. फळ्यावर पाच वजा तीन चतुर्थांश लिहिलं की पोरं पाचातून तीन वजा करत, दोन लिहीत आणि खालचा चार तसाच ठेवून मोकळी होत. पुस्तकात केकचं चित्र होतं. केक कापलेला माझ्या वर्गातल्या एकाही पोराने पाहिला नव्हता. भाकरी घेतली तर एक पोर म्हणालं, पाव भाकरी कुणी खाल्ली ते आधी सांगा. मग रविवारी कपडे धुताना मला कोयता सुचला आणि सोमवारी मैदान मारणार म्हणून मी वर्गात ताठ मानेने शिरले होते.

आमच्या त्या भागात ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरते. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. हे पहिलीतल्या पोरालाही पाठ असतं. दसरा झाला की वस्ती निम्मी रिकामी होते आणि उन्हाळ्यात परत भरते. म्हणजे अर्धा ही गोष्ट त्यांना मी शिकवायची गरजच नव्हती, असं मला वाटलं होतं.

"नऊ कसे रे? नऊ आणि?"

"नऊच," कचरू उभा राहिला. "अर्ध्याला मुकादम ठिवत न्हाई, बाई. त्यो बी घरी जातो."

"अरे, पण गणितात मुकादम नसतो."

"मंग गणितात टोळी कोन चालवतं?"

पोरं हसली आणि मलाही हसू आलं. राग अर्धा ओसरला होता. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून शिवकन्येने हात वर केला. पाचवीच्या त्या वर्गात माझ्याशी वाद घालणारी ती एकटीच होती. तिला उत्तर आलं नाही तर ती रडायची नाही, माझ्याकडे रागाने बघायची, जणू मीच ते लपवून ठेवलंय.

"सांग गं बाई तू तरी. किती?"

"दहा."

"दहा? अर्धा गेला तरी दहाच?"

"व्हय."

"डोकं ठिकाणावर आहे का? गेलेला अर्धा परत आला की काय?"

"परत न्हाई आला," ती म्हणाली. "त्याच्या जागी दुसरा घेतला."

"कुठून घेतला?"

ती फ्रॉकची कड ओढत उभी राहिली. वर्ग गप्प झाला. माझा वर्ग आपण होऊन गप्प होत नसे, त्यामुळे काहीतरी आहे हे मला कळलं, पण काय ते कळेना. मी तिला बस म्हटलं. शेवटी कचरूनेच खालच्या आवाजात सांगितलं.

"तिची माय आता वाकत न्हाई, बाई. तिच्या जागी ही चाललीय तोडीला."

मी बार्शीची. नोकरी लागून त्या वस्तीवर आले त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. शाळा दोन शिक्षकी. मुख्याध्यापक ढाकणे सर पहिली-दुसरी बघत आणि बाकीच्या वर्गांना मी. दरवर्षी दसऱ्यानंतर माझा वर्ग डोळ्यांसमोर विरळ होत जायचा. जी पोरं मागे राहतील त्यांच्यासाठी शाळेत दोन वेळचं जेवण असायचं, हंगामी वसतिगृह म्हणत त्याला. घरात एखादी म्हातारी आजी असली तर पोर राहू शकायचं. गेली चार वर्षं शिवकन्या आजीजवळ राहिली होती. आणि या वर्षी तर तिने राहायलाच हवं होतं. माघात नवोदयची प्रवेश परीक्षा होती. त्यात निवड झाली असती तर ती बारावीपर्यंत सरकारी वसतिगृहात राहिली असती, आणि मग तिला उसात न्यायची कुणाची टाप नव्हती. आमच्या शाळेतून आजवर कुणीच नवोदयला गेलं नव्हतं. ही जाईल असं मला वाटत होतं. फक्त अपूर्णांक कच्चे होते.

मधल्या सुट्टीत मी ढाकणे सरांकडे गेले. ते खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

"सर, शिवकन्येला तोडीला नेणार आहेत."

"माहितीये," ते डोळे न उघडता म्हणाले.

"मग काही करायला नको?"

"दुधाळबाई, तुम्ही करा. मी वीस वर्षं केलं. आता मी नुसता पट लिहितो." मग एक डोळा उघडून म्हणाले, "पण जाल तेव्हा अंबादासवर ओरडू नका. तो चांगला माणूस आहे. चांगल्या माणसावर ओरडून काही उपयोग होत नाही."

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. खंडेनवमीला पूजायचा म्हणून अंबादास अंगणात कोयत्याला नवी मूठ बसवत होता. मला बघून त्याने कोयता बाजूला सारला आणि घोंगडं झटकून पसरलं. आत दाराजवळ एका फळीवर पारूबाई, शिवकन्येची आई, कुशीवर पडून होती. कमरेला जुनं लुगडं घट्ट आवळलेलं. गेल्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवरून चढताना तिचा पाय सटकला होता. तेव्हा दुखतंय म्हणत म्हणत तिने हंगाम काढला. पोळ्यापासून तिला उठताच येईना.

"शिवे, बाईंना च्या ठिव," अंबादास म्हणाला.

"चहा नको. अंबादासभाऊ, शिवकन्येला नेऊ नका."

मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर मला बरं पडलं असतं. मी भांडायला तयार होऊन गेले होते.

"म्या कुठं न्यायलोय, बाई? तिनंच मायजवळ बसून ठरिवलं. मीच येते म्हनली."

"ती अकरा वर्षांची आहे. ती मोळी उचलेल?"

"मोळी म्या उचलीन. तिनं नुसतं पाचट काढायचं आन् बांधायचं. तोडीन बी मीच, उचलीन बी मीच."

"मग सगळं तुम्हीच करणार तर एकटेच जा की! अर्धा कोयता म्हणून जा."

"मुकादम न्हाई म्हनतो. त्याच्याकडनं पैशाची आगाऊ उचल घेतली तवा पारू धडधाकट हुती. एक कोयता म्हून नाव दिलंय. आता अर्धाच येतो म्हनून कसं चालंल?" तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "मला का कळत न्हाई, बाई? ती हुशार हाय. पर मला दुसरं कुनी हाय का, तुमीच सांगा."

आतून पारूबाईचा आवाज आला. तिचं तोंड भिंतीकडे होतं. या कुशीवरून त्या कुशीवर वळायलाही तिला कुणीतरी लागायचं.

"बाई, तिला ठिवून घ्या. काय बी करा, पर ठिवून घ्या. म्या तीन वर्साची असल्यापास्नं उसात हाय."

शिवकन्या चुलीपुढे बसली होती. ती आईला म्हणाली, "तू गप पड," आणि चहात साखर घातली. त्या घरात तिचं बोलणं सगळे ऐकतात हे मला तेव्हा दिसलं. आणि मला फार वाईट वाटलं. वर्गात ती इतकी लहान दिसायची.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाकडे गेले. आश्रुबा मुकादम म्हणजे वस्तीतला एकमेव सिमेंटचा ओटा आणि दारात ट्रॅक्टर. त्याने मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, सुनेला पाणी आणायला सांगितलं. वाईट माणसाशी बोलायची तयारी करून गेलं आणि समोर अदबशीर माणूस निघाला की माझी फार पंचाईत होते.

"बाई, म्या काय राक्षस न्हाई," तो म्हणाला. "लेकराला नेऊन मला काय सुख? पर तुमी इचार करा. एकट्या मानसानं तोडलेला ऊस बांधायचा कुनी? दुसऱ्याची बाई त्याच्यामागं मोळ्या बांधील का? तिचा नवरा बांधू दील का? मंग त्याचा ऊस तसाच पडून ऱ्हातो, गाडी भरायला उशीर हुतो, कारखान्यावर नंबर मागं जातो. समदी टोळी त्याला शिव्या घालती. अर्धा मानूस नेऊन त्याचंच हाल करायचं का?"

मी ऐकून घेतलं. त्याच्या बोलण्यात खोट काढता येईना.

"आणि त्याला जोडी म्हणून दुसरा अर्धा आणून दिला तर? बाईमाणूस नाही, गडी."

तो हसला.

"आना की! अर्धा आन् अर्धा एक. म्या कशाला न्हाई म्हनू? दोन गडी असले तर चांगलंच हाय. पर कुठं गावंल तुमास्नी? या वस्तीत अर्धा कुनी मोकळा न्हाई."

परत येताना मी मनात म्हटलं, माझ्या अख्ख्या वर्गाला जे येत नाही ते या माणसाला बोटावर येतं. मला बरंसुद्धा वाटलं. मार्ग आहे म्हणाला होता ना तो.

मग मी मोकळा अर्धा शोधायला लागले. ज्या घरी जावं तिथे सगळे जोडीने बांधलेले. एक विधुर होता तो मुलाकडे पुण्याला निघाला होता. एकाला दमा. एक म्हणाला, येतो, पण मोळी बांधणार नाही, ते बायकांचं काम. मी म्हटलं, मग तू तोड, अंबादासभाऊ बांधतील. तर म्हणाला, तसं केलं तर अंबादासला हसतील, आणि त्याच्याबरोबर मलाही. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गोदावरीमावशी माझी ही वणवण बघत होत्या. भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "आमचा उद्धव हाय की रिकामा."

उद्धव त्यांचा पुतण्या. आईबाप दोघेही नव्हते, मावशी आणि त्यांच्या नवऱ्याकडेच वाढला. विशीतला पोरगा, दिवसभर फाट्यावर बसून पत्ते खेळायचा. उसाचं नाव काढलं की उठून जायचा, कारण त्याचे आईबाप उसातच गेले होते, ट्रॉली उलटून. मावशींनी ते मला सांगितलं आणि वर म्हणाल्या, तुमचं ऐकंल, तुमी शिकलेल्या हात.

मी फाट्यावर गेले. तो पत्ते सोडून उभा राहिला.

"उद्धव, एका पोरीचं वर्ष वाचतंय. वर्ष कसलं, जन्म वाचतोय. एक हंगाम अंबादासबरोबर जा. तू तोड, तो बांधेल. कोणी हसलं तर हसू दे."

तो रस्त्याकडे बघायला लागला. नंतर म्हणाला, "तिकडं कोल्हापूरकडं समदं हिरवं असतं म्हनत्यात."

"असतं."

"काकू रोज ताट आपटती, बाई. तिचं बी खरंच हाय. किती दिवस फुकट घालंल?" मग एकदम म्हणाला, "जातो. तुमच्या शब्दाखातर जातो. त्या पोरीला शाळेत बसवा."

मी त्याच पावली अंबादासकडे गेले. त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि हो म्हणाला. पारूबाई फळीवरून म्हणाली, "देवमानूस हाय त्यो उद्धव." शिवकन्येने मात्र विचारलं, "नक्की का, बाई?" मी म्हटलं, नक्की. मुकादम हो म्हणाला होता, उद्धव हो म्हणाला होता, बाप हो म्हणाला होता. अजून काय राहिलं होतं?

दसऱ्याच्या आधीचे ते दिवस माझ्या नोकरीतले चांगले दिवस होते, असं मी आजही म्हणेन. मी ज्वारीची वाळकी धाटं वर्गात आणली. सात धाटं एकसारखी कापून शिवकन्येच्या पुढ्यात ठेवली.

"सातातून दोन तृतीयांश दे मला."

तिने धाटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कसं देऊ? ही तर सगळी आखी हायती."

"तेच तर. आख्ख्यातून तुकडा देता येत नाही. आधी एक मोडावं लागतं."

"कोनतं मोडू?"

"कुठलंही मोड. सगळी सारखीच आहेत."

तिला ते पटलं नाही. तिने सातही धाटं हातात घेऊन पाहिली, एक किडकं होतं ते बाजूला काढलं आणि त्याचे तीन तुकडे केले. दोन माझ्या हातावर ठेवले. मग जमिनीवर उरलेल्याकडे बघत बसली. सहा आख्खी आणि एक तुकडा.

"सहा पूर्णांक एक तृतीयांश," ती हळूच म्हणाली. आणि मग मोठ्याने, "म्हंजी आधी सहाच करायचे! एक मोडाया बाजूला ठिवायचा! बाई, तुमी हे आधी कामून न्हाई सांगितलं?"

मी आठ दिवस तेच सांगत होते, पण मी वाद घातला नाही. तिने एका दमात पाटीभर वजाबाक्या केल्या. मग कचरूला धरून बसली आणि त्याला शिकवायला लागली, तेही माझ्यापेक्षा जास्त ओरडून. "आरं, आखं दिसलं की घाबरू नको, मोड त्याला!" संध्याकाळपर्यंत अर्ध्या वर्गाला ते आलं. त्या दिवशी ढाकणे सरसुद्धा दारात येऊन उभे राहिले. घंटा होईपर्यंत तिथेच होते. मला इतका आनंद झाला होता की घरी जाऊन मी एकटीनेच शिरा करून खाल्ला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गोदावरीमावशी खिचडी शिजवायला आल्या नाहीत. दुपारी आल्या त्या नवं लुगडं नेसून, हातात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन.

"बाई, सांजच्याला हळद आन् उद्या लगीन. यायला लागतंय."

"कुणाचं?"

"आमच्या उद्धवचं की."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी म्हटलं, "अजून तुळशीचं लग्न नाही झालं, मुहूर्त कुठला?"

"कारखान्याचा मुहूर्त," मावशी हसून म्हणाल्या. "परवा गाडी निघायची. त्याच्या आत उरकायचं. ह्यांनी ठरिवलं." माझ्या कपाळाला कुंकू लावून त्या पुढच्या घराकडे गेल्या.

मी उद्धवला गाठायला धावले. तो मारुतीच्या पारावर बसला होता आणि दोघेजण त्याच्या मुंडावळ्या बघत होते. मला बघताच तो खाली उतरला आणि मान घालून उभा राहिला.

"उद्धव, तू शब्द दिला होतास."

"बाई, म्या काय करू? काकानं जोडी ठरिवली. आता म्या पुरा कोयता हाय. पुऱ्याला अर्ध्याबरुबर कसं जाता यील?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी नाकारणार नाही. "मला कुनी इचारलं बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी लग्नाला गेले. जेवायला नाही गेले, नवरी बघायला गेले. अंतरपाट खाली गेला आणि मला नवरी दिसली. शेजारच्या वाडीवरची सिंधू. दोन वर्षांपूर्वी माझ्याच वर्गातून पाचवी होऊन मोठ्या गावच्या शाळेत गेली होती. मुंडावळ्यांमधून तिने मला पाहिलं आणि शेजारच्या बाईला कोपराने ढोसून म्हणाली, "आमच्या बाई आल्यात." तिला खरंच आनंद झाला होता.

माझं डोकं फिरलं. मी सरळ पोलीस पाटलांकडे गेले. ते मांडवाच्या तोंडाशी उभे होते.

"पाटील, ही मुलगी सातवीत आहे. हे लग्न थांबवा. तुमचं कामच आहे ते."

पाटलांच्या हातात तांदळाचं ताट होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आजूबाजूला बघितलं आणि ताट पुढे केलं.

"अक्षता घ्या, बाई."

मी ताट ढकललं. थोडे तांदूळ सांडले. दोन-चार बायका वळून बघायला लागल्या. वाजंत्री जोरात होती त्यामुळे पुढचं माझं ओरडणं फारसं कुणाला ऐकू गेलं नाही. ढाकणे सरांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं.

"तालुक्याला जाते मी. आत्ताच्या आत्ता."

"जा. शेवटची एस्टी गेली," ते म्हणाले. "उद्याची पहिली पकडा. तुम्ही पोलीस घेऊन याल तोवर गाडी निघून गेलेली असेल. आणि नाव कुणाचं घालाल? सिंधूच्या बापाचं? उद्धवच्या काकाचं? सगळेच आत बसले तर पोरीला घरी घेणार कोण?"

मला त्यांचा भयंकर राग आला. बहुतेक ते खरं बोलत होते म्हणून आला. मी तिथे दगडावर बसून रडले. सर बाजूला उभे राहून पानाला चुना लावत होते, पण पान त्यांनी तोंडात घातलं नाही.

तिथून मी पारूबाईकडे गेले. तिला सगळं कळलं होतं. अंबादास पोत्यात भांडी भरत होता. शिवकन्या आजीला आईचं औषध कुठे ठेवलंय ते दाखवत होती. मीच म्हटलं, "परीक्षा माघात आहे. तोवर आणून पोचवलंत तर..." अंबादास म्हणाला, "बगू की, बाई." आणि मी पण मान हलवली. कोल्हापूरकडून माघात कुणी परत येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

गाडी निघायची त्या सकाळी मी जाणार नव्हते. तरी गेले. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या. त्यांत पोती, चटया, फडावरच्या कोपीसाठी, झोपडीसाठी बांबू, पाय बांधलेल्या कोंबड्या, शेळ्या, आणि या सगळ्याच्या वर माणसं. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या धुळीत उभ्या होत्या. पारूबाईला कुणी आणलं नव्हतं. मागच्या ट्रॉलीत शिवकन्या दिसली. सिंधूला खेटून बसली होती. सिंधूच्या हातातला हिरवा चुडा दोघी मोजत होत्या आणि हसत होत्या.

आश्रुबा मुकादमाने ट्रॅक्टरपुढे नारळ फोडला आणि तो थेट माझ्याकडे आला. त्याने हात जोडले.

"बाई, तुमचे लई उपकार झाले."

"कसले उपकार?"

"आता तुमाला काय सांगू! मला ह्या साली एक जोडी कमी पडत हुती. या उद्धवच्या किती मागं लागलो असंन, उसाचं नाव काढू देत नव्हता गडी. तुमी फाट्यावर जाऊन काय सांगितलंत देव जानं, एका दिसात तयार झाला. मंग म्या त्याच्या काकाला म्हनलं, पोरगा जातोच म्हनतोय तर अर्धा कशाला? जोडी लावून टाका, पुरा जाऊ द्या." त्याने खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "तुमच्यामुळं टोळी भरली."

तो थट्टा करत नव्हता. अगदी मनापासून बोलत होता. मी खोबरं हातात धरून उभी राहिले.

"आणि अंबादास?" मी कसंबसं विचारलं. "तो अर्धाच आहे ना अजून?"

"न्हाई, न्हाई. पोरगी हाय की त्याच्यासंगं."

ट्रॅक्टर सुरू झाला. धूर, शेळ्यांचा ओरडा, म्हाताऱ्यांचं रडणं. तेवढ्यात वरून हाक आली, "बाई! ओ बाई!" शिवकन्या ट्रॉलीच्या कडेला धरून उभी राहिली होती. मी जवळ गेले. वाटलं ती रडतेय. ती रडत नव्हती.

"बाई, नवीन लेकराला पाव कोयता धरत्यात," ती ओरडून सांगत होती. "मुकादमानं मला पाव न्हाई धरलं. अर्धी धरलं, बाई! पुरी अर्धी!"

तिचे डोळे चमकत होते. गाडी हलली तरी ती खाली बसेना. पाटी दाखवून झाल्यावर जशी थांबायची तशी माझ्याकडे बघत थांबली होती. अंबादासने तिचा फ्रॉक मागून धरून ठेवला होता आणि तो दुसरीकडे बघत होता. मी गाडीच्या बरोबर चालायला लागले. ट्रॅक्टरचा आवाज फार मोठा होता, म्हणून मला ओरडावं लागलं.

"शाबास," मी म्हणाले.